उजव्या बाजूचं पाणी

मावशीशी बोलायचं असेल तर तिच्या उजव्या बाजूला उभं राहायचं, हे ती काम करायची त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. नवीन आलेला कुणी डावीकडून हाका मारत राहिला तर मावशी आपली पिंजरे धूत राही, आणि त्या बिचाऱ्याला वाटे की बाई भलतीच आखडू आहे. डावा कान गेला होता. कसा गेला असं विचारलं तर ती सांगे, नवऱ्याने ऐकवलं तेवढं ऐकलं, मग कानच म्हणाला आता पुरे. लोक हसत. हसले की विषय संपे, आणि तिला तेवढंच हवं असे.

उजव्या हाताचा माणूस समोर उभा राहून थोबाडीत मारतो तेव्हा ती डाव्या गालावर बसते, यात गूढ काही नाही. मावशीचा डावा कान, डाव्या भुवईतला व्रण, डावीकडची पडलेली दाढ, सगळं एकाच हाताचं काम होतं. तो हात मिस्त्रीचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. मिस्त्री गॅरेजमध्ये डेंटिंग करायचा. चेपलेल्या पत्र्याला आतून लोखंडी ठोकळा लावायचा, बाहेरून हातोडी चालवायची, आणि पत्रा असा सपाट करायचा की पोचा कुठे होता ते गाडीच्या मालकालाही सापडू नये. हाताला गुण होता, ते कबूल केलंच पाहिजे. दिवसभर लोकांच्या गाड्यांचे पोचे काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पाडायचे. घरी मात्र ठोकळा न लावताच मारायचा.

कशावरून मारायचा हे विचारण्यात अर्थ नव्हता. मीठ कमी पडलं, मीठ जास्त पडलं, मीठ बरोबर पडलं पण वाढताना भांडं वाजलं. एकदा तिने मध्ये हात घातला तर मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर निघेपर्यंत तिने डाव्या हाताने भांडी घासली, आणि भांडी नीट निघत नाहीत म्हणून पुन्हा मार खाल्ला. मारून झाल्यावर मिस्त्री कधीकधी मलमाची ट्यूब आणून उशाशी ठेवायचा. शेजारणी म्हणत, बघा, मनाने वाईट नाही हो माणूस. मावशीला त्या शेजारणींचा मिस्त्रीपेक्षा जास्त राग यायचा.

लेकीवर हात पडला तो एकदाच. लेकीने त्याची हातोडी लपवली होती. त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. कपाळावर टाके पडले. लेक रडली नाही. तिने कात्री घेतली आणि स्वतःच्या हाताने केस मानेपर्यंत कापून टाकले. पुढे परगावी बालवाडीत नोकरी लागली तेव्हा बॅग उचलून दारात उभी राहून ती आईला म्हणाली, "तो हात या घरात आहे तोवर मी पाऊल टाकणार नाही." ती शब्दाची पक्की निघाली. फोन करायची, खुशाली विचारायची, पण आली नाही.

मावशी काम करायची ते एका मोठ्या संशोधन संस्थेच्या तळघरात. कागदोपत्री त्याला प्राणीगृह म्हणत, तिथे राबणारे सगळे उंदीरखाना म्हणत. खिडकी एकही नाही. दिवे घड्याळावर लागायचे आणि विझायचे, म्हणजे सूर्यही संस्थेच्याच नोकरीत. भिंतीला लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर प्लास्टिकचे पारदर्शक पिंजरे, पिंजऱ्यात लाकडाचा भुसा, वर उलट्या टांगलेल्या पाण्याच्या बाटल्या, आणि आत लाल डोळ्यांचे पांढरे उंदीर, चांगले हातभर शेपटीसकट. भुसा बदलायचा, बाटल्या भरायच्या, उंदीर वजनकाट्यावर धरायचे आणि चावले तर ओरडायचं नाही. चावलेला उंदीर ओढून काढला तर कातडी फाटते. त्याच्याकडेच हात ढकलायचा, मग जबडा सुटतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, दोन बोटं फाटल्यावर कळलं होतं.

तिथल्या मॅडमचं काम थोडक्यात असं, की आधी उंदराला पक्षाघात आणायचा आणि मग तो बरा करायच्या मागे लागायचं. आधी मोडायचं आणि मग मलम लावायचं, हे मावशीला समजावून सांगावं लागलं नाही. भूल दिलेल्या उंदराच्या गळ्याला चीर द्यायची, शिरेतून केसाएवढा दोरा डाव्या मेंदूपर्यंत सारायचा, रक्त अडवायचं, थोड्या वेळाने दोरा काढून टाके घालायचे. उंदीर उठे तो उजवा पंजा लुळा घेऊनच. चालायला जाई आणि स्वतःभोवतीच गिरक्या घेई. जे लगेच मरत त्यांच्या मेंदूच्या चकत्या करून मॅडम एका रंगात बुडवत. जिवंत भाग लाल होई, मेलेला पांढराफटक राही. मावशीने एकदा ती चकती निरखून पाहिली आणि विचारलं, एवढासाच मरतो? मॅडम म्हणाल्या, एवढासा पुरतो. आणि रक्त जितका जास्त वेळ अडेल तितका पांढरा भाग पसरतो, हेही त्यांनी सांगितलं. ते मावशीने ध्यानात ठेवलं. तेव्हा तिला त्याचा काही उपयोग नव्हता.

उपयोग झाला तो एका सकाळी. शर्टाचं बटण तुटलं होतं. मिस्त्रीने शर्ट तिच्या तोंडावर फेकला आणि हात उगारला. हात वर गेला तो तिथेच थांबला. मग आपोआप खाली आला, मार नसलेला, नुसता. मिस्त्रीने आपल्याच हाताकडे असं पाहिलं की जणू नोकराने काम सोडलं. तोंड एका बाजूला ओघळलं, शिवी अर्धी आली, आणि तो टेबल आणि भिंत यांच्या मध्ये कोसळला. डोळे उघडे होते. तो तिच्याकडे बघत होता.

चहा उतू गेला होता. मावशीने गॅस बंद केला. शेगडी पुसली. मग ओटा पुसला, ओट्यामागच्या फरशा पुसल्या, फडकं पिळून वाळत घातलं, पडलेला शर्ट उचलून त्याला बटण लावलं. मग फोन केला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं, कधी सुरू झालं? ती म्हणाली, आत्ताच.

मिस्त्री वाचला. उजवी बाजू मात्र गेली. घरी आणून पुढच्या खोलीत लोखंडी खाटेवर ठेवला. लेक आली ती बापाला भेटायला नाही, हात बघायला. तिने खाटेशी उभं राहून त्याचा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि सोडून दिला. हात धपकन गादीवर पडला. तिने पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. मग दारात ठेवलेली बॅग आत आणली. महिन्याभरात तिने जवळच्याच एका बालवाडीत नोकरी पाहिली आणि केस वाढवायला सुरुवात केली.

आता मावशीला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. तो हात असाच पडून राहावा. कुणी निर्दयी म्हणो, कुणी काही म्हणो. हात उठला की लेक गेली, आणि या खेपेला गेली की कायमची, हे तिला आरशात तोंड दिसावं इतकं स्वच्छ दिसत होतं.

मॅडम उंदराच्या पंजाला चिमटा लावून बघत, तो पंजा मागे घेतो का. मावशीनेही घरी बघितलं. करंगळीच्या टोकाला चिमटा लावला, दाबला, रक्त साकळून निळं होईपर्यंत दाबला. हात हलला नाही. तिला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, हे तिला कळत होतं. तरी बरं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी तिने अंगठ्याला लावून पाहिला.

आणखी एक खोड तिने काढली. पाण्याचा पेला ती त्याच्या उजव्या हाताशी ठेवू लागली. खाटेची डावी बाजू भिंतीला लागून होती आणि उजवीकडे टेबल, तेव्हा तसं बघायला गेलं तर पेला दुसरीकडे कुठे ठेवणार? पण पूर्वी ती पेला त्याच्या डाव्या हातात देत असे, तो देईनाशी झाली. तहान लागली की घे, म्हणायची आणि समोर स्टुलावर बसून बघायची. खाण्याची ताटलीही तिथेच. डावा हात तिथवर पोचत नसे, म्हणून मिस्त्री खांद्यातून झोके देऊन तो मेलेला उजवा हात टेबलाकडे फेकायचा. हात पेल्यावर आदळायचा, पाणी सांडायचं. तो अर्ध्या तोंडाने शिव्या द्यायचा. शिव्या कळत नव्हत्या, पण ओळखीच्या होत्या. ती पाणी पुसायची, पेला पुन्हा भरायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. त्याचे ओठ कोरडे पडून फुटले की दोन चमचे पाणी घशात ओतायची. मरू द्यायचं नव्हतं तिला. फक्त मागायला लावायचं होतं.

डावा हात जिवंत होता, त्याचा मात्र उपद्रव होऊ लागला. एकदा ती चादर बदलायला वाकली तेव्हा मिस्त्रीने अंथरुणात पडलेलं स्टीलचं ताट डाव्या हाताने फेकून मारलं. कडेने तिचा ओठ फाटून दोन झाला. आणखी एकदा त्याने तिचं नरडं धरलं. डाव्या हातात जोर नव्हता म्हणून सुटली. त्याच दिवशी तिने सुईदोरा घेतला आणि त्याच्या सगळ्या शर्टांच्या डाव्या बाह्या अंगाला शिवून टाकल्या. हात बाहीत घातला की तो बरगडीला चिकटलेला राहायचा.

ही कल्पना तिला उंदीरखान्यात मिळाली होती. त्याच सुमाराला मॅडमचा मोठा प्रयोग सुरू झाला होता. पक्षाघात झालेल्या उंदरांना मूळपेशी टोचायच्या. मॅडमनी समजावलं की या पेशींचं अजून काही ठरलेलं नसतं, त्या कशाच्याही होऊ शकतात. मावशी म्हणाली, म्हणजे लग्नाआधीच्या पोरींसारख्या. मॅडम हसल्या. काही उंदरांना पेशी द्यायच्या आणि काहींना नुसतं मीठपाणी, म्हणजे फरक पडतो की नाही ते कळतं. शेपट्यांना चार रंग लावले होते, लाल, निळा, हिरवा आणि काळा. कुठल्या रंगाला काय टोचलं ते वरच्या मजल्यावरच्या एका सरांनाच माहीत, मॅडमनाही नाही. आणि लाल-निळ्या शेपटीवाल्यांसाठी मावशीकडून झबली शिवून घेतली होती. इवलीशी, जाड कापडाची, एकाच बाहीची. उजवा पंजा बाहेर, डावा आत छातीशी बंद. दिवसभर घालायची, संध्याकाळी काढायची.

हे कशाला, असं मावशीने विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, शेवटी सांगेन. पिंजऱ्यात ज्याचा हात जातो त्याला काय व्हायला हवंय ते माहीत नसलेलंच बरं, नाहीतर हात नकळत तिकडे झुकतो. हा त्यांच्याकडचा नियम होता. मग मावशीने आपल्या अकलेने कारण शोधलं. चांगल्या पंजाने गळ्याचे टाके खाजवून उसवणारे उंदीर तिने खूप पाहिले होते. टाके उसवू नयेत म्हणून पंजा बांधायचा. सरळ आहे. मिस्त्रीचाही चांगला हात उपद्रवी, मग तोही बांधायचा.

नणंदेचा फोन रोज यायचा. मावशी तो उजव्या कानाला लावायची आणि पश्चात्ताप करायची. वन्संनी कुठेतरी वाचलं होतं की पेशींचं इंजेक्शन दिलं की गेलेले हातपाय येतात. तुझ्याच खात्यात आहे ते, एक सुई आणायला काय धाड भरली आहे तुला? मावशीने मॅडमना विचारलेलं होतं, आणि मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की हे अजून उंदरांपुरतंच आहे, माणसाला टोचायचं नाव काढू नका, कुणी बाहेर विकत असेल तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. तेच तिने वन्संना सांगितलं.

"उंदरांना चालतं आणि माझ्या भावाला नाही? तो काय उंदराहून खाली आहे?"

उत्तर मावशीच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"तुला तो बरा व्हायलाच नकोय," वन्सं म्हणाल्या. ती म्हणाली, मग घेऊन जा ना तुमच्याकडे, करा बरा. त्यावर वन्संना एकदम दारावरची बेल ऐकू आली.

बरा व्हायला नको होता, हे खरंच होतं. इंजेक्शन मिळण्यासारखं असतं तरी तिने आणलं नसतं. आणि उंदीरखान्यात दिवसेंदिवस तिची खात्री पटत चालली होती की इंजेक्शनात दम आहे. काचेच्या उभ्या नळ्यात उंदीर सोडायचा, तो मागच्या पायांवर उभा राहतो आणि भिंतीला पंजा टेकतो. कुठला पंजा टेकतो ते कॅमेऱ्यात बघायचं. काळ्या शेपटीवाले रडतखडत, उजवा पंजा पोटाशी. हिरवे त्यांच्याहून बरे. लाल एकदम तयार. आणि निळे, ते तर लालांच्या खांद्याला खांदा लावून उभे. मावशीने मनाशी ठरवून टाकलं की लाल आणि निळे पेशीवाले आहेत. आपल्या घरात पेशी नाहीत. म्हणजे आपलं घर सुरक्षित आहे.

एका सकाळी मिस्त्रीचं उजवं मधलं बोट वाकलं. तिने पाहिलं. उंदीरही कधीकधी असे झटके देत, म्हणून तिने मनावर घेतलं नाही. मग कधीतरी पेला सांडण्याऐवजी सरकला. चिमटा लावला तर मनगट थरथरलं. तिने चिमटा ठेवून दिला आणि तो विचारही ठेवून दिला. मिस्त्रीने शिव्या देणं बंद केलं होतं, त्याचा तिला संशय यायला हवा होता. तो दिवसभर टेबलाकडे तोंड करून पडायचा आणि घाम गाळत हात फेकत राहायचा. हातोडीवर काम करणारा माणूस होता तो. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ठोकत बसणं त्याला नवं नव्हतं.

प्रयोग संपला त्या दिवशी सगळे उंदीर मारायचे होते. मेंदू बाहेर काढून बघितल्याशिवाय काम पुरं होत नाही. मान कापायचा एक पोलादी खटका होता, त्यात उंदीर धरून द्यायचं काम मावशीचं. फडक्यात गुंडाळायचा, मान आत सारायची, मॅडम खटका दाबत. पाय नंतरही थोडा वेळ धावत राहत. दुपार होईपर्यंत कोपरापर्यंत रक्त झालं होतं, चष्म्यावर उडालं होतं, फरशी निसरडी झाली होती. निळ्या शेपटीच्या एकाने शेवटच्या क्षणी तिचं बोट धरलं. उजव्या पंजाने, लहान मूल धरतं तसं घट्ट. एकेक नख उचलून सोडवावं लागलं.

ती फरशीवर पाणी मारत होती तेव्हा मॅडम वरच्या सरांना भेटून खाली आल्या. चेहरा उजळलेला. आठवणीने तिच्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, तुमच्या झबल्यांनी बाजी मारली."

"पेशींनी म्हणा."

"पेशींनी थोडं केलं. झबल्यांनी जास्त केलं. चांगला हात बांधून टाकला की लुळ्या हाताला कामाला लागण्यावाचून इलाज नसतो. करता करता मेंदू दुसरी वाट शोधतो. आता सांगायला हरकत नाही."

मावशीच्या हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहत राहिला. "निळ्यांना काय दिलं होतं?"

"निळ्यांना? नुसतं मीठपाणी."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. डोळ्यांपुढे एकापाठोपाठ एक सगळं आलं, टेबल, पेला, शिवलेली बाही, स्टुलावर बसून मजा बघणारी ती. इंजेक्शन तेवढं तिने दिलं नव्हतं. बाकीचा सगळा उपचार स्वतःच्या हाताने, न चुकता, रोज केला होता. कुठल्या पतिव्रतेने केली नसेल अशी सेवा. तिला एकदम हसू आलं. मॅडमनी विचारलं काय झालं, तर ती म्हणाली घरी जाते.

हात धुतले नाहीत, डगला काढला नाही. रस्त्यात लोक बाजूला सरत होते. बालवाडी दुपारीच सुटते, म्हणजे लेक घरी असणार. लेकीच्या केसांना आता कुठे रबर बसू लागला होता. मावशी धावत नव्हती, धावायचं वय नव्हतं, पण जिन्यावर तिला दोनदा कठडा धरावा लागला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज येत असेल तर तो तिला आला नाही. दार ढकललं तेव्हा दिसलं.

पेला जमिनीवर लोळत होता. लेक तो उचलायला वाकली असणार. मिस्त्रीचा उजवा हात तिच्या केसांत होता, बोटं मुळाशी रुतलेली, आणि तो तिचं डोकं खाटेच्या लोखंडी कडेवर दाबत होता. उचलून आपटण्याइतका जोर अजून आला नव्हता, म्हणून दाबत होता, घासत होता. कपाळावरचा जुना व्रण उघडला होता. लेक ओरडत नव्हती. दोन्ही हातांनी त्याचं मनगट ओरबाडत होती, आणि त्याच्या हातावर तिच्या नखांच्या लाल रेघा उमटल्या होत्या. शिवलेल्या बाहीतला डावा हात आत धडपडत होता. मिस्त्रीच्या अर्ध्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं. तो रडत होता, आणि हसत होता.

"आला," तो म्हणाला. पक्षाघातानंतर इतका स्वच्छ शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. "हात आला. तूच आणलास गं."

मावशीने हात ओढला नाही. ओढला तर केस कातडीसकट निघतील. तिने लेकीचं डोकं उलट त्याच्याकडेच ढकललं, त्याच्या बोटांचा पीळ ढिला पडला, आणि मग एकेक बोट धरून मागे वाकवलं. अंगठा कटकन वाजला. मिस्त्री गुरासारखा ओरडला. लेक सुटली आणि भिंतीशी जाऊन आदळली.

उठली ती हातोडी घेऊनच. हातोडी आणि ठोकळा दाराशेजारच्या फळीवर तसेच पडून होते. तिने ठोकळा टेबलावर ठेवला. एका डोळ्यावर रक्त आलं होतं, ते पुसायचंही तिने मनावर घेतलं नाही.

"धर, आई. त्याचा हात यावर धर."

मावशीने धरला. आयुष्यभर ज्या हाताखाली ठोकळा नव्हता त्याखाली तिने ठोकळा दिला, आणि मनगटावर गुडघा रोवला. मिस्त्रीने हातोडीकडे बघितलं, मग लेकीकडे, आणि त्याचं हसू गेलं. आता त्याला भीती वाटली. ती बघायला मावशीने अर्धं आयुष्य दिलं असतं, आणि दिलंही होतं. लेकीने हातोडी वर नेली.

"नको," मावशी म्हणाली.

"सोडू याला?"

"मोडलेला हात जुळतो गं. माझा नाही जुळला?" तिने आपलं मनगट पुढे केलं. "वापरला नाही तर जातो. तू फक्त धर."

हातोडी तिने लेकीच्या मुठीतून काढून घेतली आणि सुईदोऱ्याचा डबा फळीवरून खाली काढला. लेकीने बापाचा उजवा हात त्याच्या बरगडीशी दाबून धरला. मावशीने दुहेरी दोरा ओवला आणि उजवी बाही शर्टाच्या अंगाला शिवायला घेतली, खांद्यापासून मनगटापर्यंत, झबल्याला घालते तसे जवळजवळ टाके. सुई एकदोनदा कातडीत गेली. मिस्त्री आक्रसला. आता त्याला सगळं कळत होतं, करंगळीच्या टोकापर्यंत. तिने मनगटाशी गाठ मारली, दातांनी घट्ट ओढली. मग दोघींनी मिळून खाट फिरवली, म्हणजे उजवी बाजू भिंतीला गेली आणि डाव्या हाताशी टेबल आलं. पेला विसळून, भरून, तिने तिथे ठेवला.

राहिली डावी बाही. ती मावशी उसवायला बसली तेव्हा लेकीने तिचा हात धरला. म्हणाली, तो मोकळा केलास तर तुला मारेल.

"डाव्याला काम मिळालं तरच उजवा बसून राहील," मावशी म्हणाली. "डाव्याला मी पुरून उरेन. तू मागे हो."

अर्धे टाके निघाले आणि हात सुटला. डाव्या हाताचा माणूस समोरून मारतो तेव्हा ती उजव्या गालावर बसते. आता या हातावरही बाहीतल्या धडपडीचा जोर चढला होता, आणि फटका सरळ उजव्या कानावर बसला. मावशीचं डोकं भिंतीवर आपटलं. कानात एक लांब शिटी वाजली, वाजत राहिली, मग बारीक झाली. मिस्त्रीचं तोंड हलताना दिसत होतं. मावशी पुन्हा खाटेशी सरली, त्याचा तो हात गुडघ्याखाली दाबला आणि उरलेले टाके शोधू लागली.

लेक जवळ येऊन बसली होती आणि काहीतरी विचारत होती. सवयीने मावशीने उजवा कान तिच्याकडे केला. लेकीचे ओठ पुन्हा हलले. तिच्या कपाळावरचं रक्त वाळलं होतं, केस मोकळे सुटले होते, डोक्यावर सगळे शाबूत होते. काय विचारते आहे ते काही कळेना. टाके काही बोटांनी निघत नव्हते. मावशीने दोन बोटं उघडून मिटून कात्रीची खूण केली, आणि लेकीने कात्री तिच्या हातात ठेवली.